काढ्याचा ग्लास

ग्लासवर बशी झाकून ती आमच्याकडे यायची, सरळ मोरीत जायची आणि सासूने दिलेला गुळवेलीचा काढा ओतून द्यायची. मग ग्लास विसळून दारामागच्या आरशासमोर उभी राहायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि विचारायची, “काकू, कडू वाटतंय ना?”

“एरंडेल प्यायल्यासारखं वाटतंय. जरा कमी कर,” मी म्हणायचे. मग ती तेवढं कमी करून घरी जायची.

लालबागच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत सून म्हणून आली. धडधाकट पोरगी, साधं पडसंही तिच्या वाटेला जायचं नाही. तरी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. चाळी तुम्हीही पाहिल्या असतील. तिसऱ्या वेळी प्रत्येक दारातून एकेक सल्ला आला. सासूचा भरवसा मात्र काढ्यावरच. अंगात ताकद आली की मूल टिकेल, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी गॅलरीत तेलाच्या डब्यात त्यांनी गुळवेल लावली होती.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून वेगळंच सांगितलं. आजाराशी लढायची जी शक्ती, तीच हिच्या शरीरात हिच्यावर उलटत होती. वारेत रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या आणि बाळ उपाशी राहायचं. आता रोज पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन, आणि ताकद वाढवणारा काढा बंद.

“माझा वॉचमन जरा जास्तच कडक आहे काकू. घरच्यालाच आत सोडत नाही,” ती हसून म्हणायची. पोटावर सुयांचे निळे डाग पडले होते.

“मग सासूला सांगून टाक की काढा नको म्हणून.”

“आधीच्या दोन्ही वेळी मी तो प्यायले होते ना. त्याने काही झालं नाही म्हणतात डॉक्टर. पण आईंना पटेल? जन्मभर स्वतःला खात बसतील. तुम्हीपण बोलू नका हं.”

मला तिचा रागच यायचा. स्वतःचं एवढं दुखत असताना दुसऱ्याचं मन किती जपायचं माणसाने?

पाचवा लागल्यावर तिने माझ्या नातवाचं जुनं झबलं मागून नेलं. बाळाला पहिलं जुनंच घालतात. तेही मूल टिकलं नाही. झबलं तसंच परत आलं, धुऊन, घडी करून. महिना व्हायच्या आत एक गुठळी तिच्याच फुप्फुसात गेली आणि तीही गेली. अजून सकाळी मोरीत पाणी वाजलं की मी वळून बघते.

परवा मला ताप होता. तिच्या सासूबाई बशी झाकून ग्लास घेऊन आल्या आणि समोरच बसल्या. प्यावाच लागला. माझं तोंड आपोआप वाकडं झालं.

“आमची सून पण असाच तोंड करी,” त्या म्हणाल्या. रिकामा ग्लास पदराने पुसत राहिल्या. “पण एक दिस काढो चुकवल्यान नाय.”

“नाही चुकवला,” मी म्हणाले.