भुरटे साहेब आणि माझा रविवार

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी मला फोनवर तो सुटाबुटातल्या बावळट गुंडांचा इंग्रजी सिनेमा दाखवलात आणि मी तुमच्याही आधी हसले, म्हणून तुम्हाला नवल वाटलं. आजीला यातलं काय कळतंय, असा तुमचा चेहरा होता. तर बाळांनो, या जातीच्या गुंडांशी माझी ओळख तुमच्या आईच्या जन्माच्या आधीची आहे, आणि ती नगरच्या कॅम्पात झालेली आहे.

दुष्काळाची ती वर्षं. मी नुकती लग्न होऊन सावेडीत आले होते. तेव्हा तिथे बंगले थोडे आणि मोकळे प्लॉट फार. माझे सासरे, म्हणजे तुमचे खापरपणजोबा नव्हे, पणजोबाच, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. न्यायाधीश येत आणि बदलून जात, पण कागद कोणत्या क्रमाने ठेवायचे हे मामंजी ठरवत. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली सून त्यांनी हौसेने आणली होती. माझं इंग्रजी त्यांनी चांदीच्या तबकासारखं जपलं. पाहुणे आले की बाहेर काढायचं, एरवी कपाटात.

'सूनबाई, ते गंजायला नको,' असं म्हणून त्यांनीच मला रविवारी सकाळी कॅम्पातल्या थिएटरात इंग्रजी खेळाला जायची मुभा दिली. हिंदी सिनेमाने सुना बिघडतात असं त्यांचं ठाम मत होतं. इंग्रजीतही बिघडायची सोय असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि मीही ते आणून दिलं नाही. तुमचे आजोबा आठवडाभर एमआयडीसीतल्या कारखान्यात राबून रविवारी दुपारपर्यंत झोपत. त्यामुळे मी एकटीच जाई. सबंध आठवड्यात तेवढाच वेळ मला कोणी हाक मारत नसे. सिनेमा चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा.

सिनेमे बहुतेक वाईटच असत. चांगले सिनेमे मुंबई-पुण्यात झिजून संपत. आमच्या वाट्याला विलायतेतले स्वस्तातले, काळे-पांढरे, चोरांचे विनोदी सिनेमे येत. रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून यायच्या आणि कधीकधी उलट्यासुलट्या लागायच्या. एकदा चोर आधी पकडले गेले आणि मग त्यांनी चोरी केली. थिएटरात कोणी हरकत घेतली नाही.

निर्मात्याकडे पैसे नाहीत हे लपत नसे. चोरांच्या म्होरक्याच्या घरातला सोफा पुढे पोलीस ठाण्यात दिसे आणि त्यानंतर बँकेच्या मॅनेजरकडे. पण मला त्या सिनेमांनी जे दिलं ते कॉलेजने दिलं नव्हतं. कॉलेजात मी जे इंग्लंड शिकले, तिथे हिरवळ होती, डॅफोडिल्स होती आणि माणसं उभ्या उभ्या थोर विचार करत. इथे साहेबाच्या भिंतीला ओल आलेली, बनियनला भोक, आणि दरोड्याला निघताना बायको ओरडून सांगतेय की येताना पाव आण. दीडशे वर्षं ज्यांनी आपल्याला शिस्त लावली, त्यांना एक तिजोरी धड पळवता येत नाही, हे पाहून माझा सारा आठवडा बरा जाई.

एका रविवारी जेवताना मामंजींनी सहज विचारलं, 'आज काय होतं?'

'पाच माणसं मिळून एका पेढीची तिजोरी पळवतात,' मी भाजी वाढता वाढता बोलून गेले.

मामंजींचा घास हातातच राहिला. 'आणि मागच्या रविवारी?'

'ती टपाल कचेरी होती.'

सासूबाई पदराआड हसल्या. मामंजी हसले नाहीत. 'पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो,' ते म्हणाले. 'हे चालू ठेवायचं की नाही, ते पाहून ठरवू.'

तो आठवडा मी कसा काढला, ते माझं मला माहीत. रविवारी टांगा केला. मामंजी काळी टोपी आणि कोट घालून, साक्षीला निघाल्यासारखे. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, काष्टीच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. आमच्याकडे तीन तास बाहेर जाणं म्हणजे प्रवासच.

मी दोघांच्या मध्ये बसले आणि पडद्यावरचं हळू आवाजात मराठीत सांगू लागले. हळू कुठलं? मामंजींना ऐकू कमी येई. थोड्याच वेळात मागच्या रांगेतून फेटेवाले एक गृहस्थ वाकले. 'बाई, जरा मोठ्यानं सांगा की. त्यो टकल्या काय म्हनतोय?' मग डावीकडूनही 'हां, सांगा, सांगा' झालं. अर्धं थिएटर दर रविवारी गोऱ्यांची नुसती तोंडं हलताना पाहत होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशीच्या चोरांनी तिजोरी पियानोत घालून न्यायचं ठरवलं होतं. ठरवायला त्यांना निम्मा सिनेमा लागला, कारण दर बैठकीला चहा, आणि चहात साखर किती यावरून भांडण. शेवटी पियानो जिन्याच्या वळणावर अडकला. वर दोन चोर, खाली दोन चोर, पाचवा पियानोच्या मागे चेंगरलेला. तेवढ्यात गस्तीचा पोलीस आला आणि बिचाऱ्याने मदत म्हणून खांदा दिला.

थिएटर हसत होतं. मामंजी मात्र उठून उभे राहिले. 'जिन्याचं माप कोणी घेतलं होतं?' त्यांनी पडद्याला विचारलं.

'बसा हो आजोबा, दिसंना आमाला,' मागून फेटेवाले म्हणाले.

'चोरीचं ऱ्हाऊ दे,' आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, 'पर चोरांनी एवढ्या जनांला सांगायचंच कशाला?'

परतताना टांग्यात मामंजी बोटांवर काहीतरी मोजत होते. माझा रविवार संपला, असं मी धरून चालले. जेवायला बसल्यावर त्यांनी निकाल दिला. चोरी हे पाप खरंच, पण कामाची ही पद्धत त्याहून वाईट. कोणी काय करायचं याची वाटणी नाही, म्होरक्याचं कोणी ऐकत नाही, जागेची पाहणी नाही. मग वरणभात गार होईपर्यंत त्यांनी तोच दरोडा आम्हाला नीट घालून दाखवला. लोणच्याची बरणी म्हणजे पेढी आणि ताटल्यांमधली वाट म्हणजे जिना. तुमचे आजोबा झोपेतून उठून आले आणि वडील ताटल्यांमधून पियानो नेताहेत हे पाहून परत आत गेले.

'शिकण्यासारखं आहे,' मामंजी म्हणाले. 'दर रविवारी जात जाऊ.'

परवानगी टिकली आणि रविवार गेला. पुढचे कित्येक आठवडे मी पगार नसलेली दुभाषी होते. रांगेतल्या लोकांनी माझी जागाच ठरवून टाकली. मी पोचले नाही तर खेळ थांबवा, असं फेटेवाल्यांनी एकदा डोअरकीपरला बजावलं. मला एकाही वाक्यावर हसता येईना, कारण मी हसेपर्यंत मामंजी विचारत, 'काय? काय झालं?' आणि विनोद मराठीत समजावून सांगितला की त्यावर कोणीच हसत नसे, मीसुद्धा नाही.

मी घरात काही बोलले नाही. आत्याबाईही नाहीत. फक्त एका संध्याकाळी त्या शेजारणींकडे हळद द्यायला गेल्या आणि जरा जास्त वेळ बसल्या. पुढच्या आठवड्यात कॉलनीतली तीन प्रतिष्ठित माणसं आमच्या ओसरीवर. पाण्याच्या टँकरवरून रोज भांडणं होतात, कॉलनीची एक कमिटी हवी, आणि अध्यक्ष म्हणून कोर्टाच्या कामाचा अनुभव असलेलाच माणूस हवा. सगळे नोकरदार, म्हणून बैठक रविवारी सकाळीच.

मामंजींनी आढेवेढे घेतले, साधारण चहा येईपर्यंत.

रविवारी ओसरीवर सतरंजी पडली. टँकर कोणत्या गल्लीत आधी शिरणार यावर चर्चा सुरू झाली आणि साखर कमी पडली म्हणून एक सभासद रुसला. मी चप्पल घालत होते. दारात आत्याबाई नवं लुगडं नेसून उभ्या.

माझा चेहरा पडलेला त्यांनी पाहिला असावा. 'भिऊ नगं,' त्या म्हणाल्या. 'मला काय बी सांगायचं न्हाई. तू तुझं बघ, मी माझं बघते.'

आम्ही मुद्दाम पार पुढच्या रांगेत, फेटेवाल्यांपासून लांब बसलो. त्या दिवशीचे चोर बदकांच्या गाडीतून पळत होते. सिनेमा संपेपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढला नाही. शेजारी आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, बऱ्याचदा माझ्या आधी.