लेव्हलवरचा पाटील

आमच्या वगात अठरा वर्षं मी पाटील झालो आणि अठरा वर्षं अण्णा माझे हवालदार. हवालदार म्हणजे सोंगाड्या, लोकांना हसवणारा. पाटलानं नुसतं विचारायचं, मिशीला पीळ द्यायचा आणि स्वतःची फजिती करून घ्यायची. बाजारात भेटलेली माणसं मला ओळखायची ती सुद्धा अण्णांमुळंच. "काय पाटील, हवालदार कुठाय?" मला राग यायचा. अरे, मीही तासभर उभा असतो ना तिथं! आता कुणी तसं विचारलं की राग येत नाही. मी गाडीला किक मारून निघून जातो.

अण्णा माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. सगळी हयात टॉवेलच्या कारखान्यात मागांवर गेली. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी, आणि दोन्हीही वरच्या पट्टीत. मागांच्या खडखडाटात काम केलेला माणूस ओरडूनच बोलतो, सोलापुरात याचं कुणालाच नवल नाही. पुढं कारखाना बंद पडला. दोन वर्षांत बायको गेली. त्यानंतर या माणसाला आमच्या तालमीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी सहाची तालीम असली की अण्णा साडेपाचला शाळेच्या व्हरांड्यात हजर. आंघोळ केलेली, केस तेल लावून चापून बसवलेले. नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं, त्या संध्याकाळी आमची निम्मी मंडळी गायब असायची. अण्णांनी तसला एकही दिवस चुकवला नाही. "पानी भरायला सून हाय की," म्हणायचे, "हितं दुसरा हवालदार न्हाय."

आता बतावणी म्हणजे काय ते सांगतो. वगाच्या आधी पाटील आणि हवालदार समोरासमोर उभे राहून जी उलटसुलट बोलाचाली करतात, ती बतावणी. आमच्या वहीत त्या जागी एकच ओळ होती, 'इथे बतावणी.' बस्स. बाकी सगळं तिथल्या तिथं. मी म्हणायचो, "काय रे हवालदार, उशीर का केलास?" अण्णा म्हणायचे, "घरी पाव्हणा आलाता, पाटील." "कोण पाव्हणा?" "नळाचं पानी! पाच दिवसानं दारात आलंय, तसंच कसं सोडायचं? बसा म्हनलं, च्या घिऊन जावा." पुढच्या प्रयोगाला पाहुणा वेगळा आणि चहाच्या जागी आणखी काहीतरी. पहिल्या रांगेत कुणी बडा माणूस बसला असेल तर त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर घसरायचे. "पाटील, हे सायेब बगा कसे धुतल्यावानी दिसत्यात. ह्यांच्याकडं रोज पानी येतंय जनू!" त्या साहेबांसकट सगळं मैदान हसायचं. आणि हे सगळं चालू असताना अण्णांची नजर माझ्या चेहऱ्यावर खिळलेली. एक क्षण हलायची नाही. मला वाटायचं, काय हा माणूस रंगून जातो! माझा अभिमान फुगायचा. म्हटलं, असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं.

गेल्या वर्षी आमचे जुने दिग्दर्शक मुलाकडं पुण्याला राहायला गेले आणि मंडळींनी ती माळ माझ्या गळ्यात घातली. त्याच वर्षी आम्ही पहिल्यांदा स्पर्धेत उतरायचं ठरवलं. मी दोन दिवसांच्या एका नाट्यशिबिराला जाऊन आलो. शहाणा होऊन आलो म्हणा ना! तिथं कळलं की समोरासमोर उभं राहून बोलणं म्हणजे गावठी काम. नट प्रेक्षकांकडं तोंड करून बोलला पाहिजे. रंगमंचावर वेगवेगळ्या उंचीच्या लेव्हल पाहिजेत, म्हणजे लाकडी चौथरे. त्यातून सत्ता दिसते म्हणे. मी आल्या आल्या दोन चौथरे करवून घेतले. पाटील मागं, उंच लेव्हलवर, खुर्चीत. हवालदार पुढं, खाली, प्रेक्षकांकडं बघत. पाटलाचा आवाज हवालदाराच्या पाठीवर पडतो, हवालदार मागं वळतही नाही. मला वाटलं, वा! काय चित्र आहे! स्पर्धेला पूर्ण संहिता लिहून द्यावी लागते, म्हणून बतावणीही मी कागदावर उतरवली. अण्णांचेच जुने विनोद आठवून आठवून लिहिले. चौथी शिकलेल्या माणसाला ते पाठ करायला दिले.

पहिल्याच तालमीला विचका झाला. मी वरून विचारतोय, "काय रे हवालदार, उशीर का केलास?" अण्णा गप्प. मी पुन्हा विचारलं. ते एकदम तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळे. दुसऱ्या दिवशी माझं वाक्य अर्धं झालं होतं तोच यांचं सुरू. विंगेतून वही धरून बसलेला प्रॉम्प्टर वाक्यं सांगत होता. शेवटच्या बाकावर बसलेल्यांना ती ऐकू जात होती, आणि तीन हातांवर उभ्या अण्णांना नाही. गवळणीचं काम करणाऱ्या बालवाडीच्या बाई हळूच माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "दादा, अण्णांचं डोकं चालेना बघा. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं." मला ते पटलं. वय झालं, विसरायला लागले, सगळा उलगडा झाला. शहाण्या माणसाला उलगडा व्हायला वेळ लागत नाही.

अण्णा दर तालमीला एकच गोष्ट म्हणायचे. मान मागं वळवून, हसत. "पाटील, खाली या की. वर कशाला चढून बसलाय?" सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. पुढं पुढं मला त्याचा वैताग यायला लागला. एकदा तर मी सगळ्यांसमोर खेकसलो, "अण्णा, चेष्टा पुरे! मागं बघायचं नाही म्हणून किती वेळा सांगू?" त्यांनी मागं बघणं बंद केलं. मग तर सगळंच बंद पडलं. अठरा वर्षं ज्या माणसानं मैदानं हसवली, तो माणूस पुढं उभा राहून नुसता घाम पुसत होता. त्याचे हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. मला पाहवेना. पण मी काय केलं? मी घड्याळ बघितलं.

दहा दिवस राहिले तेव्हा मी निर्णय घेतला. बँकेत नोकरी करणारा तिशीचा एक गडी आमच्यात होता, चुणचुणीत, एका बैठकीत पाठ करणारा. हवालदार त्याला दिला. अण्णांना मीच सांगायचं ठरवलं. पाठीमागं कुजबुजण्यापेक्षा डोळ्याला डोळा भिडवून सांगावं, असं माझ्यातल्या मोठ्या मनाच्या माणसाला वाटलं. कप्पाळ माझं! व्हरांड्यात त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो आणि सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितलं. "अण्णा, या वेळी तुम्ही आराम करा. पुढच्या वर्षी बघू." ते माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले. चिडले नाहीत. म्हणाले, "एक डाव समोरासमोर करून बगू का पाटील? पैल्यासारकं? एकच डाव."

माझ्याकडून पाच मिनिटं मागत होते ते. फक्त पाच मिनिटं! मी म्हणालो, "अण्णा, ही स्पर्धा आहे, जत्रा नाही."

ते "बरं" म्हणाले. उठताना गुडघ्यावर हात टेकला, चप्पल घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी व्हरांड्यात पाहिलं. कुणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

प्रयोगाला दोन दिवस राहिले होते. नव्या हवालदाराला सगळं आलं होतं, शब्द न् शब्द, स्वल्पविरामासकट. कुणी हसत नव्हतं, पण चुकतही नव्हतं. अडलं एका कोटावर. हवालदाराचा ठिगळांचा कोट अण्णांनी स्वतःच्या हातानं शिवलेला होता, टॉवेलच्या तुकड्यांचा, आणि तो त्यांच्या घरी असायचा. नवा शिवायला वेळ नव्हता. दुसरं कुणी जाईना, म्हणून ऑफिस सुटल्यावर मीच गेलो.

दारात त्यांची सून शेंगा निवडत बसली होती. मला बघून उठली. मी बाहेरूनच आवाज दिला, "अण्णा! आहात का?"

"तितनं हाक मारून काय उपेग हाय काका," ती म्हणाली. "आत जावा, समोर बसून बोला. तुमाला तर म्हाईतच हाय की."

मी म्हणालो, "काय माहीत आहे?"

तिनं आधी गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं. सांगताना बिचारीला वाटत होतं की मी तिची थट्टा करतोय. अण्णांना ऐकू येत नव्हतं. आज-काल नव्हे, पंधरा वर्षं. मागांनी कान खाल्ले होते. यंत्र लावून पाहिलं, उपयोग झाला नाही. माणसाच्या ओठांवरून त्यांना बोलणं कळायचं. घरच्यांचं कळायचं, ओळखीच्यांचं कळायचं, आणि माझं सगळ्यात चांगलं. "पाटलाचं तोंड लई साफ हाय म्हनायचे. मिशी सुद्दा आड येत न्हाय म्हनायचे. करोनात तुमी मास्क लावून तालीम केली तवा आठ दिवस गेले न्हाईत, घरात बसून रडले. आमाला शपत घातलीया, बाहेर कुनाला सांगू नका, भैऱ्याला नाटकात कोन घेतंय? पर तुमाला ठावं असंल आसं वाटलं. तुमी येवडी वर्सं समोर हुबं ऱ्हायलाव."

मी दारातच उभा राहिलो. पंधरा वर्षं हा माणूस माझ्या ओठांकडं बघत होता आणि मी समजत होतो की माझा अभिनय बघतोय. वर कशाला चढून बसलाय, खाली या की, असं तो विनवत होता आणि आम्ही दात काढत होतो. एक डाव समोरासमोर, एवढंच मागितलं त्यानं. मीच मागं जाऊन बसलो, मीच त्याला मागं बघू नको म्हणालो, आणि वर म्हातारा विसरभोळा झाला म्हणून सगळ्यांच्या माना डोलवून घेतल्या. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती. त्याच पावली पळून जावंसं वाटलं. पण सून आत जाऊन अण्णांना हात लावून सांगून आली होती.

अण्णा कॉटवर बसले होते. मला पाहून ताडकन उठले. खुंटीवरचा शर्ट ओढला, गुंड्या लावायला लागले. "या या, पाटील! तालमीला का? चला की, दोन मिन्टात निगतो. म्हनलं हुतं सुनंला, येत्याल बग पाटील." तेलाचा हात केसांवरून फिरवला. पासष्टी ओलांडलेला माणूस, आणि त्याचा चेहरा असा उजळलेला. मला तो बघवला नाही. मी मान खाली घातली आणि फरशीकडं बघत म्हणालो, "अण्णा, माझी चूक झाली. परत या. मी खाली उतरतो, आपण पहिल्यासारखं समोरासमोर करू."

बोललो. खरंच बोललो. सगळं बोललो.

"आं?" अण्णा माझ्याजवळ आले. वाकून माझं तोंड शोधायला लागले. "वर बगून बोला की, पाटील. काय म्हनलाव?"

मी मान वर केली. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं! दोनच दिवस राहिलेत. पास झालेली संहिता. बसवलेले लाइट. बँकेतल्या गड्यानं घेतलेली रजा. मंडळींना काय सांगायचं? पंधरा वर्षं समोर उभा राहून मला कळलं नाही, हे सांगायचं? दिग्दर्शक म्हणून माझं पहिलं नाटक, आणि त्यात मीच गाढव ठरलो, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं? अण्णा वाट बघत होते. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते, शर्टाची वरची गुंडी लावायची राहिली होती.

मी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "कोट न्यायला आलोय, अण्णा."

ते त्यांना पहिल्याच फटक्यात कळलं.