हिला गाडी लागते

गेल्या महिन्यात इथे बंगलोरला विमानतळाकडे जाताना हेब्बाळच्या पुलावर माझ्या पणतीला उलटी झाली. चार वर्षांची आहे. माझी मुलगी मागच्या सीटवर तिचं तोंड पुसता पुसता माझ्या नातीला, पोरीच्या आईला, म्हणाली, "माझ्या आईवर गेलीय बघ. तिलाही गाडी लागायची. कुठे म्हणून जाता आलं नाही बिचारीला."

नात म्हणाली, "हो, डॉक्टरांनाही मी सांगितलंय, आमच्या घराण्यातच आहे म्हणून."

मी पुढे पट्टा लावून बसलो होतो. समोर गाड्यांची रांग, अर्धा तास काही हलत नव्हतं. बोलायला भरपूर वेळ होता. मी बोललो नाही. नव्वदी ओलांडल्यावरही बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे. माझ्या बायकोला कधीच गाडी लागत नव्हती. लागते असं मी सांगितलं होतं.

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास मी इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात लागलो. तीन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. आई आमच्याकडेच असे. गावाकडे पाठवलेल्या पहिल्याच पत्रात मी फुशारकीनं लिहिलं होतं, की बंगलोरला मे महिन्यातसुद्धा पांघरूण घ्यावं लागतं. ते पत्र सोलापूरच्या उन्हात किती जणांनी वाचलं असेल देव जाणे. पुढच्या वर्षीपासून एप्रिल संपला की आमच्याकडे माणसं यायला लागली. एक बिऱ्हाड स्टेशनवर पोचवून आलो, की दुसऱ्याला आणायला जायचं. आमच्या सुट्ट्या म्हणजे पाहुण्यांच्या सुट्ट्या. सकाळी दोन स्टोव्ह एकदम पेटायचे ते दुपारी तीनला विझायचे.

त्यातच मी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी गाडी घेतली. नातेवाइकांत गाडी असलेला मी पहिलाच. मला तिचं किती कौतुक होतं ते सांगायला नको.

त्या मे महिन्यात माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांची तीन मुलं आली होती. नंदीच्या डोंगरावर जायचं ठरलं. बायको पहाटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करून, स्वतः हिरवं पातळ नेसून, मुलीला कडेवर घेऊन तयार होती. सगळे अंगणात जमले तेव्हा दादांनी माणसं मोजली.

"अरे, ही गाडी आहे का धर्मशाळा? एवढी माणसं बसणार कुठे?"

वहिनी लगेच म्हणाल्या, "मी राहते हो घरी. मला काय त्या डोंगराचं?"

पाहुणी घरी राहणार आणि आम्ही फिरायला जाणार, हे शक्यच नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी गाडीचं दार धरून उभा होतो. म्हणालो, "छे छे वहिनी, तुम्ही बसा. हिला गाडी लागते. ही येणारच नव्हती."

तोंडातून निघून गेलं. बायको एका हातात डबा आणि कडेवर मुलगी घेऊन उभी होती. वहिनी गाडीत बसल्यावर तिनं मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं, डबा पायांशी ठेवला आणि म्हणाली, "पुऱ्या वरच्या खणात आहेत. खाली लोणचं आहे, कलंडू देऊ नका."

संध्याकाळी आम्ही परतलो. ती नळाजवळ भांडी घासत होती. हळूच म्हणाली, "अहो, मला कधी लागली गाडी?"

"अगं, वेळ मारून नेली. पुढच्या वेळी आपण जाऊ."

"बरं," ती म्हणाली.

वेळ मारून नेली की ती परत येत नाही, असं मला वाटत होतं. पण वहिनींनी सोलापूरला जाऊन सगळ्यांना सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी मावशी आली ती आवळासुपारीचा डबा घेऊनच. "गाडीत बसलीस की गालात धर." चुलतभावाच्या बायकोनं सांगितलं, बेंबीला हिंग लावावा. कुणी वर्तमानपत्राचा कागद पोटाशी बांधायला सांगितला. उपाय दर वर्षी नवा, आणि गाडीत मात्र तिला कुणी बसवत नव्हतं. खरं म्हणजे ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. आम्ही शिवसमुद्रला गेलो, बेलूरला गेलो, म्हैसूरला तर दर वर्षी. परत आल्यावर गरम जेवण तयार असायचं. इतक्या वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही, की हीच बाई दर शनिवारी कारखान्याच्या खच्चून भरलेल्या बसमधून उभ्यानं मार्केटला जाते आणि दोन पिशव्या भाजी घेऊन हसतमुखानं उतरते. मला ते दिसत होतं.

म्हैसूर तिला तोंडपाठ झालं होतं. आल्यागेल्याच्या गप्पांतून तिनं ते गोळा केलं होतं. निघणाऱ्या पाहुण्यांना ती दारात उभी राहून सांगायची, "चामुंडीच्या डोंगरावर आधी जा, उन्हाच्या आत. बागेतली कारंजी संध्याकाळीच बघा, पण डाव्या बाजूनं जा, तिकडे गर्दी कमी असते." ऐकणाऱ्याला वाटावं, ही दहा वेळा जाऊन आली आहे. एकदा एका पाहुणीनं विचारलंच, "तुम्ही कधी गेला होतात?" ती म्हणाली, "इथून काय, जवळच तर आहे."

मग साठ की एकसष्ट सालच्या पावसाळ्यात ती मला म्हणाली, "या दसऱ्याला मला म्हैसूरच्या राजवाड्यावरचे दिवे दाखवा. दसऱ्याला पाहुणे नसतात. गाडीत जागाच जागा." तिनं माझ्याकडे लग्नानंतर काही मागितल्याचं मला आठवतं ते एवढंच. मी हो म्हटलं. चार दिवसांची रजा काढली. म्हैसूरला ऑफिसातल्या एकाच्या मामांचं घर रिकामं होतं, तिथे उतरायची सोय झाली. तिनं महिनाभर आधी चिवडा कोणत्या डब्यात न्यायचा ते ठरवलं. आईनं दोनदा म्हटलं, "कशाला त्रास देतोस तिला? वाटेत ओकत बसेल." मी म्हटलं, "बघू तरी." खरं सांगायला ती वेळ चांगली होती. आई, मी आणि बायको, तिघंच स्वयंपाकघरात होतो. पण आईसमोर स्वतःला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही.

निघालो त्या दिवशी बायको पुढे माझ्याशेजारी बसली. मागे आई, मुलगी आणि तीन-चार वर्षांचा मुलगा. आईनं पुढे एक लिंबू दिलं, मग टॉवेल, मग रिकामा डालड्याचा डबा.

"हे पायाशी ठेव. लाजू नकोस. आलं की वाक."

केंगेरी गेलं. बायको काच खाली करून बाहेर बघत होती. नारळाच्या बागा, मधूनच नाचणीची शेतं. एकदा तिनं बोटानं काहीतरी दाखवलं आणि हसली. मागून मुलानं विचारलं, "आई, झाली का उलटी?"

"नाही रे बाळा."

"मग कधी होणार?"

मुलगी मोठी, तिला जास्त काळजी. ती दर दोन मिनिटांनी उठून आईचा चेहरा बघायची. मागून माझी आई म्हणत होती, "बाहेर बघू नकोस, समोर बघ. डोळे मीट. लिंबू हुंग." बिडदी आली तरी काही झालं नाही. आई म्हणाली, "काहीच होत नाहीये का ग तुला?"

"नाही सासूबाई. बरं वाटतंय."

"म्हणजे लागत नाही गाडी?"

तिनं काच वर केली.

"मग इतकी वर्षं काय सोंग केलंस? थोरल्या जावेबरोबर जायला नको म्हणून? ती बिचारी दर वर्षी तुझ्यासाठी औषधं घेऊन येते, आणि तू..." आईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मला आधी कळायला हवं होतं."

एवढंच म्हणायचं होतं, 'आई, ते मी सांगितलं होतं.' पाच शब्दांचं काम. रस्ता सरळ होता, समोर वाहन नव्हतं, तरी मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून पुढे बघत राहिलो. बायको माझ्याकडे बघते आहे हे मला कळत होतं. एक मैलाचा दगड गेला. दुसरा गेला.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

ती उतरून चिंचेच्या झाडामागे गेली. मी तांब्या घेऊन गेलो. ती शेताकडे तोंड करून नुसती उभी होती. पायाखालची माती कोरडी होती. मी आलेला पाहून तिनं तांब्या घेतला, खळखळून चूळ भरली, गाडीत ऐकू जाईल अशी.

"अगं, हे काय?"

"बघितलंत ना, झालं. आता मी परत जाते."

"मी सांगतो आईला."

"आता?" ती म्हणाली. "सांगायचं होतं तेव्हा रस्ता बघत होतात. मुलांचे दिवे बुडवू नका. बस थांबवा मला एक."

गाडीतून आईनं विचारलं, "झाली का?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "झाली." आईचा चेहरा निवळला. ती लगेच कनवाळू झाली, पाठीवरून हात फिरवायला खाली उतरली. "मी म्हटलंच होतं ग बाई. लपवायचं कशाला?" बसनं परत जायचं ठरलं तेव्हा आईच म्हणाली, "बसमध्ये वारा असतो, तिथे एवढं होत नाही." यात काही विचित्र आहे असं गाडीतल्या कुणालाच वाटलं नाही.

म्हैसूरकडून आलेली बस मी हात करून थांबवली. कंडक्टर "बन्नी अक्का", म्हणजे 'या ताई', म्हणाला आणि तिला खिडकीजवळ जागा करून दिली. तिनं हात हलवला. मुलगा रडला, मग चिवडा मागू लागला.

घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट इथपर्यंतच आहे. मी तिला हौसेनं नेलं, तिला सोसलं नाही, तिनंच आग्रह करून आम्हाला पुढे पाठवलं. मुलीनं ती अनेकदा सांगितली आहे आणि मी मान डोलावली आहे. आणखी एक गोष्ट तिला माहीत नाही.

श्रीरंगपट्टणला रुमाल काढायला खिशात हात घातला तर हाताला घराची किल्ली लागली. दुसरी किल्ली आईच्या पिशवीत. म्हणजे ती आता कुलपाच्या बाहेर उभी असणार. परत फिरलो असतो तर संध्याकाळपर्यंत पोचलो असतो. मी किल्ली परत खिशात टाकली. शेजारी आहेत, असं स्वतःला सांगितलं. मुलांना त्याच रात्री दिवे दाखवायचं कबूल केलं होतं. मुलं खांद्यावर बसून बघत होती आणि आई म्हणत होती, "ती असती तर." ठरल्याप्रमाणे आम्ही तीन रात्री राहिलो.

चौथ्या दिवशी दुपारी परतलो. शेजारच्या कानडी अक्का आणि बायको त्यांच्या पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. तिच्या अंगावर अक्कांचं पातळ होतं. आम्हाला बघून ती उठली. अक्का हसत हसत कानडीत मला म्हणाल्या, "इतक्या लवकर आलात, सार? मी हिला मल्लेश्वरला घेऊन गेले होते, घरोघर मांडलेल्या दसऱ्याच्या बाहुल्या बघायला. रोज बसनं. तीन बस बदलल्या एका दिवसात. हिला काही गाडीबिडी लागत नाही हो! उलट उतरायलाच तयार नव्हती. अजून एक दिवस राहू दे ना."

आईला कानडी येत नव्हतं. मुलांना थोडंफार येत होतं, पण ती नळाकडे पळाली होती. आईनं मला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिला कानडीचा शब्द न् शब्द कळला होता, मराठीचाही कळणार होता. यावेळी समोर रस्तासुद्धा नव्हता बघायला.

"काही नाही," मी म्हणालो, "प्रवास कसा झाला विचारतायत."

बायकोनं मांडीवरची टरफलं झटकली. अक्कांना कानडीतच "बरं, येते" म्हणाली. मी कुलूप काढून बाजूला झालो. ती आत गेली आणि आईनं मागून सांगितलं, "आधी चहा टाक ग, मग बाकीचं."

त्यानंतर मी दोनदा तिला म्हटलं, आपण दोघंच जाऊ. दोन्ही वेळा ती म्हणाली, "कशाला?" रागावून नाही. माझ्याकडे जास्त न बघता. पुढे आई गेली, पाहुणे कमी झाले, गाडीही विकली. म्हैसूर तिनं पाहिलं नाही.

पण त्या दसऱ्यानंतरचा लगेचचा मे महिना सांगायचा राहिला. दादा आणि वहिनी आले होते. माणसं अंगणात जमली, दादांनी मोजायला सुरुवात केली. मला काही बोलावं लागलं नाही. ती डबा घेऊन बाहेर आली, तो गाडीत ठेवला, आणि वहिनींनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "तुम्ही बसा वहिनी. मला लागते."