लसूण वाजलाच नाही

मोक जेग्यूने एकतीस वर्षं उइसॉंग तालुक्यात बस चालवली. स्वयंपाकघरात मात्र तो कायम प्रवासीच राहिला. यायचं, बसायचं, पोट भरलं की उतरायचं.

त्या मे महिन्यात त्याची बायको सुनदॉक शेतात पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमका कोवळ्या लसणाचा हंगाम. आठ दिवस उशीर झाला की साल चिवट होते आणि लसूण मुरवण्याच्या लायकीचा राहत नाही. सुनदॉकच्या लसणाला तर गावात मान होता. ज्येष्ठांच्या हॉलमध्ये जेवताना कुणी पाकळी चावली की कर्रकन आवाज यायचा, आणि ती मान वर न करता म्हणायची, "माझा."

"यंदा मी करतो," जेग्यू म्हणाला.

त्याने विमान उडवतो म्हटल्यासारखं तिने पाहिलं. "यंजूचे बाबा, भाताच्या कुकरचं बटण कुठंय ते तरी माहीत आहे का?"

"तू सांग, मी करतो."

"चाळीस वर्षं सांगतेच आहे."

त्याने गड्ड्यांची वरची साल काढली, देठ बोटभर ठेवले आणि सगळे बरणीत रचले. सुनदॉक पाटावर बसून हुकूम सोडत होती.

"व्हिनेगर किती?"

"पुरेल इतकं."

"अगं, आकडा सांग. पंपावर कुणी पुरेल इतकं डिझेल मागतं का?"

"बुडेपर्यंत ओता. आणि तोंड मिटून ओता."

व्हिनेगरने लसणाचा तिखटपणा उतरायला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी सुनदॉक हात दाखवायला तालुक्याला गेली. जाताना सांगून गेली, "ते व्हिनेगर काढा, थोडं सोया सॉसमध्ये घाला, साखर टाकून उकळा आणि ओता." जेग्यूने उकळलं आणि वाफा निघत असतानाच ओतलं. काकडीवर ती असंच ओतायची, त्याने स्वतः पाहिलं होतं.

संध्याकाळी चपला काढता काढता तिने विचारलं, "पूर्ण गार करून ओतलंत ना? गरम पडलं की लसूण मऊ होतो."

"हो," जेग्यू म्हणाला. नको तितक्या लवकर म्हणाला.

उन्हाळाभर तो दिवसातून दोनदा परसात बरणीपाशी जाऊन यायचा. प्लास्टर निघालं, सप्टेंबर आला, आणि सुनदॉकने बरणी हॉलमध्ये न्यायला काढली.

"अजून पंधरा दिवस मुरू दे," तो म्हणाला.

"तुम्हाला कधीपासून मुरण्यातलं कळायला लागलं?"

हॉलमध्ये दहा-बारा जण जेवायला बसले होते. तिने गड्डे आडवे कापून ताटलीत मांडले. सगळ्यांनी एकेक पाकळी तोंडात टाकली. आवाज आला नाही. सुनदॉकची मान मात्र वर आली. जेग्यू सूपच्या वाटीत बघत राहिला.

"माझा नाही हा," ती स्पष्ट म्हणाली. "यांनी केलाय."

पलीकडे अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बुन्नीआजी तिसरी पाकळी उचलत होत्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "पोरी, बारा वर्षं तुझा लसूण मी चोखते आणि गुपचूप रुमालात ठेवते. या कवळीला तो झेपतच नाही. आज पोटात गेला."

"मी पण चोखायचे," शेजारची म्हणाली.

"माझी दाढ त्यानेच हलली," आणखी कुणीतरी म्हणालं.

ताटली रिकामी झाली. बुन्नीआजींनी ती जेग्यूसमोर सरकवली. "ड्रायव्हर, पुढच्या वर्षी पण तूच कर."

परतीच्या वाटेवर तळं आल्यावर सुनदॉकने विषय काढला.

"गरम ओतलंत."

"काकडीवर ओततेस ना तू."

"काकडी आणि लसूण एकच?"

"आजींना आवडला."

"बारा वर्षं रुमालात," ती स्वतःशीच म्हणाली. दहा पावलं गेल्यावर तिला हसू फुटलं. ते लपवायला तिने पाठ फिरवली, पण खांदे हलत होते. "पुढच्या वर्षी दोन बरण्या. एक दातवाल्यांची, एक तुमची. आणि तुमच्या बरणीवर तुमचं नाव लिहायचं, चांगलं ठळक. कुणाला माझी वाटायला नको."

"लिहितो की," जेग्यू म्हणाला. "फक्त यंदा व्हिनेगर किती ओतलं होतं, ते मला आठवत नाही."

"पुरेल इतकं," सुनदॉक म्हणाली आणि पुढे निघाली.