थांबून विचारणारे विनायकमास्तर

विनायकमास्तरांनी हिंगोलीत आम्हा चार मुलींना ओसरीवर इंग्रजी शिकवलं, ते ‘हाऊ आर यू?’पासून. ते एकीला खोकायला लावत, दुसरीला लंगडायला, आणि मग तब्येत विचारत. कुणी चालता चालता विचारलं तर ‘व्हेरी वेल, थँक यू. अँड यू?’ एवढंच म्हणायचं. कुणी थांबून विचारलं तर मात्र खरं सांगायचं: ‘नॉट व्हेरी वेल’, ‘अ लिटल बेटर’. “रामरामाला दुखणं सांगू न्हाई,” ते म्हणत, “अन् दुखणं विचारणाऱ्याला नुसता रामराम घालू न्हाई.” स्वतः ते मात्र कधीच कुणा इंग्रज माणसाशी बोलले नव्हते.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. शिरड शहापूरला दिलेली माझी अक्का बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली, पण अक्काचा ताप हटेना. तेवढ्यात गावाबाहेर मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी तंबू ठोकल्याचं कळलं. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि दुभाषा आजारी पडलेला. मास्तरांनी गाडी जुंपली आणि इंग्रजीत बोलायला मला सोबत घेतलं. वाटेत आई मला बजावत राहिली, मडमेसमोर रडगाणं गाऊ नको.

तंबूपुढं खूप गर्दी होती. बाई उभ्या गाड्यांमधून वाट काढत झपाझप चालत येत होत्या. आमच्यापाशी त्या थांबल्या. अक्का गोधडीत गुरफटून पडलेली. त्यांनी मला विचारलं, “हाऊ इज शी?”

“व्हेरी वेल, थँक यू,” मी घाबरून म्हणाले. बाई हसून वळल्या.

मास्तर हळूच म्हणाले, “पोरी, बाई थांबली होती. खरं सांग.”

मी ओरडलेच, “शी इज नॉट वेल! शी हॅज फीवर!”

बाई परत आल्या, गाडीत चढल्या आणि त्यांनी गोधडी बाजूला केली. अक्काला त्यांनी तंबूतच ठेवून घेतलं. काही दिवसांनी एका सकाळी ताप उतरला, आणि अक्कानं भाकरी मागितली. आई पदरात तोंड घालून रडली. मास्तरांनी माझ्या तान्ह्या भाचीला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही.

निघताना मास्तर बाईंपुढं उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, “अँड हाऊ आर यू, मॅडम?”

बाई औषधांच्या खोक्यावर बसल्या. मग बोलू लागल्या. मास्तर समोर मातीतच बसले. बऱ्याच वेळानं बाईंनी डोळे पुसले आणि त्या उठल्या.

त्या काय म्हणाल्या, असं मी गाडीत विचारलं.

“निम्मं समजलं न्हाई,” मास्तर म्हणाले. “पण ती बोलून राहिली होती. मंग मी कसा उठणार?”