एक जूनला जन्मलेली गल्ली

चौदा वर्षांच्या एका मुलीला मी बावीस वर्षांची करून टाकलं. त्याला दोन मिनिटं लागली, आणि वर तिनं मला 'थँक्यू काका' म्हटलं.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. कोल्हापुरात माझं नेट कॅफे होतं. पाच कॉम्प्युटर, मधे प्लायवुडच्या फळ्या. वरच्या मजल्यावरचा क्लास सुटला की पोरंपोरी यायची. सगळ्यांना एकाच साइटवर जायचं असायचं. तिथं स्वतःचं पान काढायचं, फोटो लावायचा आणि फळीपलीकडं बसलेल्या मैत्रिणीला 'कशी आहेस' म्हणून विचारायचं. साइटची अट एकच, वय अठरा पूर्ण. पोरं तिथं अडली की मला हाक मारायची. मी रुबाबात जायचो आणि जन्मतारीख टाकून द्यायचो. एक जून.

ही तारीख काही माझ्या डोक्यातली नव्हे. माझ्या आईला माझा जन्म 'भुईमूग काढताना' एवढाच आठवत होता, म्हणून शाळेत घालताना मास्तरांनी मला एक जून लावून टाकली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच. त्या मास्तरांचा हात माझ्यात उतरला असावा. साल तेवढं मी सोयीनं मागं ढकलायचो. एक जून उजाडला की साइट 'आज यांचा वाढदिवस' म्हणून यादी दाखवायची आणि त्यात आमची अख्खी गल्ली असायची. मी पोट धरून हसायचो. त्या कंपनीत हे बघून कुणाला नवल कसं वाटत नाही, असा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

त्या मुलीची आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, बाळंतपणाच्या वॉर्डात. वडील मिलिटरीत. एके दुपारी सिस्टर ड्युटीवरून थेट कॅफेत आल्या.

"भाऊ, चार दिवस झाले घरच्या फोनवर कोण कोण बाप्ये फोन कराय लागल्यात. पोरीचं नाव घेऊन मागत्यात. एकानं तुमच्या त्या साइटचं नाव सांगितलं. जरा बघा."

मी शोधलं. मुलीच्या नावानं कुणीतरी दुसरंच पान काढलं होतं. गॅदरिंगमधला फोटो तिच्याच पानावरून उचललेला, त्याखाली घरचा नंबर, आणि त्याखाली घाणेरडं काहीबाही. सिस्टरांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"कुणी केलं ते नंतर बघू. हे आधी जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांनी हिचे वडील सुट्टीवर येणार हाईत. असला एखादा फोन त्यांनी उचलला तर शाळा बंद करतील आणि पोरीला कुरुंदवाडला आजीकडं धाडतील. ऑफिस कुठाय ह्यांचं?"

"अमेरिकेत."

"पुण्यात कोण न्हाय?"

"न्हाय."

"फोन नंबर?"

"त्योबी न्हाय."

"मग दुकान चालतंय कसं?"

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तक्रारीची जागा सापडली. वीज मंडळाला लिहावा तसा अर्ज मी माझ्या इंग्रजीत लिहिला, 'वरील विषयास अनुसरून'सकट. लगेच निरोप आला. तक्रार मिळाली, आभारी आहोत. दुसऱ्या दिवशी परत लिहिलं, परत तेच आभार. तिसऱ्या दिवशीही तेच, काना-मात्रेचा फरक नाही. चौथ्या दिवशी सिस्टर मुलीचा जन्मदाखला घेऊन आल्या. तो आम्ही स्कॅन करून पाठवला. यावेळी मात्र उत्तर वेगळं आलं. आमच्या नोंदीप्रमाणे सदर व्यक्ती बावीस वर्षांची, म्हणजे सज्ञान आहे. आपली कागदपत्रं तपासली जातील.

"बावीस कुणी सांगितलं ह्यास्नी?" सिस्टरांनी विचारलं.

मी थोडा वेळ माउस पुसत बसलो. तो स्वच्छच होता. मग सांगितलं.

मला वाटलं, आता चप्पल निघणार. सिस्टरांनी दाखला पुढ्यात ओढला. "वॉर्डात पोर जन्मलं की आम्ही वेळ लिहितो," त्या म्हणाल्या. "मिनिटासकट. हिची संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं हाय."

माझं खोटं त्या कंपनीनं विचारपूस न करता पदरात घेतलं होतं, आणि सरकारी शिक्क्याचा दाखला तिला तपासायचा होता. त्या रागात मी स्क्रीनला दोन शिव्या हासडल्या. त्या अमेरिकेपर्यंत पोचल्या नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी सिस्टर परत आल्या, त्या वॉर्डातल्या आठ जणींना घेऊन. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. एकेका खुर्चीपाशी दोघी-दोघी उभ्या. नेहमीची गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली, इंजेक्शनं आहेत असं वाटलं असावं. प्रत्येकीला खातं काढून द्यायचं आणि तिनं त्या पानाची तक्रार करायची, असा बेत. पहिल्याच खात्याला माझी बोटं सवयीनं एक जूनकडं वळली, तर मागून आवाज आला, "खरी घाला." मग सगळ्यांच्या खऱ्या घातल्या. एका ज्येष्ठ सिस्टरांनी तर मला भिंतीकडं तोंड करायला लावून साल स्वतः टाइप केलं.

सहाव्या दिवशी ते पान गेलं. दिलगिरी नाही, दोन ओळींचं पत्र नाही. नऊ तक्रारी एकदम आल्या म्हणून गेलं की तिकडं एखाद्या माणसानं एकदाचा दाखला उघडून बघितला, हे कधीच कळलं नाही. फोन कमी झाले, पण चुकूनमाकून एखादा येतच होता. तेव्हा वडील आले त्याच दिवशी सिस्टरांनी सगळं स्वतःच त्यांच्या कानावर घातलं. माझ्या पराक्रमासकट.

दुसऱ्या दिवशी ते मुलीला क्लासला सोडायला आले. ती दप्तर सावरत वर जाईपर्यंत जिन्याशी थांबले, आणि मग माझ्याकडं वळले. उंच माणूस, मिशा कातरलेल्या. स्टूल ओढून समोर बसले.

"तिची शाळा सुटणार न्हाय. क्लासबी न्हाय," ते म्हणाले. "तिनं काय केलंय?"

माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आला की मला बोलायची उबळ येते. मी सुरू झालो. पोरांच्या जिवावर साइट चालवायची, मग त्यांचं वय तपासायला नको? तक्रार ऐकायला एखादा माणूस नको? फोन नको? हे कंपनीला ठणकावून लिहायला पाहिजे, आपल्या सगळ्या पालकांच्या सह्या घेऊन, आणि अर्ज मी लिहितो.

त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मान हलवत सगळं ऐकलं.

"खरं हाय तुमचं," उठता उठता ते म्हणाले. "लिहा. पहिली सही माझी. फक्त त्यात आपण सज्ञान हाय असं लिहू नका, पावणं. त्यांनी खरंच तपासाय सुरुवात केली तर तुमची पंचाईत व्हईल."