नावाडी मेला आणि भाकरी खायला बसला

सिनेमावर लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. सिनेमातलं मला फारसं कळत नाही. ज्या एका सिनेमाचं मी भर थिएटरात रसग्रहण केलं, तो मी आजवर सरळ पाहिलेला नाही.

तरी लिहितो, कारण आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. बाबा अंबडच्या एका कारखान्यात हेल्पर, आई चौथीपर्यंत शिकलेली, ताई दहावी झाली आणि शिवणक्लासला लागली. त्यामुळे मी एफ.वाय.ला गेलो त्या दिवसापासून आमच्या कॉलनीत माझ्या मताला मान आला. कॉलनीत टीव्ही एकच, कोपऱ्यावरच्या पोस्टातल्या काकांकडे. मालिकेचा भाग संपला की जमलेल्या बायका माझ्याकडे वळत.

"काय रे प्रकाश, पुढच्या भागात काय होईल?"

मी जरा विचार केल्यासारखं करून सांगे, "सासूचं मतपरिवर्तन होईल."

पुढच्या भागात सासू सुनेला घराबाहेर काढायची. पण प्रकाश चुकला असं कुणी म्हणायचं नाही. "लिहिणाऱ्याला जमलं नाही," असं म्हणायचे! आता सांगा, अशाने कुणाच्या डोक्यात हवा जाणार नाही?

तर त्या दिवाळीच्या सुट्टीत ताईला पाहायला कळवणकडची मंडळी आली. मुलगा दिलीप, तिकडच्या एका खेड्यात शाळामास्तर. बरोबर त्याची आई आणि मामा. मुलाचे वडील लहानपणीच वारलेले, त्यामुळे शेवटचा शब्द मामांचा. मामा म्हणजे दारातून आत आले आणि आमची खोली एकदम लहान दिसायला लागली. मिशा अशा की चहा पिताना आधी त्या वर कराव्या लागायच्या.

पोहे झाले, चहा झाला. मुलगा खाली मान घालून बसलेला. ताईपेक्षा तोच जास्त लाजत होता. ताईने स्वयंपाकघरात मला दंडाला धरून ओढलं.

"प्रकाश, हे स्थळ मला मनापासून आवडलंय. तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू?"

"तू बोलतोस. आधीच्या वेळी तू मुलाच्या काकांना त्यांचं मराठी सुधारायला सांगितलं होतंस."

(सांगितलं होतं. पण अतिशय नम्रपणे!)

बाहेर मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं हाय. घरी जाऊन ठरवतो आन् निरोप धाडतो."

बाबांचा चेहरा पडला. आधीची तीन स्थळं हेच बोलून गेली होती. त्यांचे निरोप अजून वाटेतच आहेत. पाहुण्यांना आणखी थोडं थांबवून घ्यावं, म्हणजे काही जुळेल, असं बाबांना वाटलं असावं. ते एकदम म्हणाले, "एसटीला अजून वेळ आहे. मॅटिनीला सिनेमा पाहून जा ना सगळे!"

मामांच्या मिशा हलल्या. "पिच्चर? आता कसं बोल्लात! चला. पोरीलाबी घ्या. पाहायलाच आलोय, तर नीट पाहू."

"कोणता पाहायचा?" बाबांनी विचारलं, आणि सगळ्या घराने माझ्याकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं, पण वेगळ्या नजरेने.

एका थिएटरला मारामारीचा सिनेमा होता. पोस्टरवर नायक पेटलेल्या मोटारीवरून उडी मारत होता. दुसऱ्या थिएटरला एक बक्षीस मिळालेला सिनेमा होता. त्यात एक म्हातारा नावाडी असतो, नदीवर पूल होतो आणि त्याचा धंदा बसतो. तो मी पाहिला नव्हता. पण आमच्या प्राध्यापकांनी त्यावर एक अख्खा तास घेतला होता. "या सिनेमात दिग्दर्शक काळाची मोडतोड करतो," असं ते म्हणाले होते. मला ते इतकं आवडलं होतं की वाक्य पाठ झालं होतं. फक्त ते वापरायला जागा मिळत नव्हती.

"मामा," मी म्हणालो, "तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने नावाड्याचाच सिनेमा पाहावा."

जाणता म्हटल्यावर मामा काय बोलणार! गेलो आम्ही.

थिएटरात एका रांगेत बसलो. आधी बाबा, मग मामा, मग मी, मग दिलीप, मग त्याची आई, माझी आई आणि पार टोकाला ताई. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर नदी होती. बराच वेळ नुसती नदीच होती.

"मारामारी कधी हाय?" मामांनी विचारलं.

"चालू आहे, मामा. आतल्या आत."

"पाण्यात?"

"मनात."

मामा पुढे वाकून नावाड्याचं मन शोधायला लागले. तेवढ्यात नावाडी आजारी पडला आणि बघता बघता मेला. चिता पेटली. त्याची पाळलेली शेळी काठावर एकटी ओरडत राहिली. दिलीपच्या आईला हुंदका आवरेना. माझ्या आईने त्यांचा हात धरला आणि तीही रडू लागली. मला मनातून बरं वाटलं. दोन्ही आया एकत्र रडल्या म्हणजे निम्मं काम झालं!

त्याच क्षणी नावाडी पडद्यावर आला, चुलीपुढे बसला आणि भाकरी खाऊ लागला.

"अगं बाई!" दिलीपच्या आईंनी पदर डोळ्यांवरून काढला. "हा उठला कसा?"

मामा माझ्याकडे वळले. "काय रं? आत्ता तर जाळला त्याला."

मला तरी काय माहीत! पण तेवढ्यात ते पाठ केलेलं वाक्य आठवलं. त्याला अखेर जागा मिळाली होती.

"मामा, दिग्दर्शक काळाची मोडतोड करतो. ही आठवण आहे."

"कुणाची? तो तर मेला."

"नदीची," मी म्हणालो.

मामा पुन्हा पडद्याकडे वळले. दिलीपने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आदर आहे असं मला वाटलं. मग मला कोण थांबवणार!

पुढे पूल दिसला. पुरा झालेला, वरून ट्रक जात होते. दोन मिनिटांनी त्याच जागी नुसते खांब.

"पूल पाडला काय रे?" बाबांनी विचारलं. कारखान्यातला माणूस, त्यांचा जीव खांबांकडेच.

"पूल हे प्रतीक आहे, बाबा. माणसं जोडली जातात आणि तुटतात."

"पण काँक्रीट?"

"काँक्रीटसुद्धा!"

मग शेळी आली. आधी तिच्यामागे करडू पळत होतं. आता ती गाभण होती. दिलीपच्या आई घाबऱ्याघुबऱ्या माझ्या आईला म्हणाल्या, "पिल्लू परत पोटात गेलं हो!"

"मावशी, हा निसर्गाचा उलटा प्रवास आहे," मी तीन खुर्च्यांपलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं.

मागच्या रांगेतल्या एकाने माझ्या खांद्यावर टकटक केली. "भाऊ, जरा मोठ्यानं सांगा. आमाला बी काय समजंना."

"बोला, बोला!" दुसरा म्हणाला.

मी मागे वळून बोलू लागलो. बसून नीट ऐकू जात नाही असं कुणी म्हणाल्यावर उभा राहिलो. पडद्याचा उजेड माझ्या पाठीवर आणि समोर चार-पाच रांगा माना वर करून ऐकताहेत! आयुष्यात इतक्या लोकांनी माझं ऐकलं नव्हतं. नावाड्याची दाढी आधी पांढरी आणि मग काळी का झाली, तेही मी सांगितलं. (दाढी म्हणजे परंपरा.) टोकावरून ताईचा दबका आवाज आला, "प्रकाश, खाली बस!" पण मी तेव्हा भारतीय समाजव्यवस्थेपर्यंत पोचलो होतो. तिथून एकदम खाली कसं बसणार?

तेवढ्यात सगळे दिवे लागले.

पडद्यासमोर मॅनेजर येऊन उभे राहिले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मंडळी, माफ करा. रिळांचे डबे उलटसुलट झालेत. शेवटचं रीळ मध्येच लागलं आणि मधलं नंतर. दोष आमचा आहे."

सगळ्या माना मॅनेजरकडून माझ्याकडे वळल्या. मी अजून उभाच होतो, एक हात हवेत. समाजव्यवस्थेसाठी वर केलेला.

मागचा माणूस सावकाश म्हणाला, "मग भाऊ, ती नदीची आठवण?"

आणि सगळं थिएटर फुटलं! लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. कुणीतरी ओरडलं, "काँक्रीटसुद्धा!" दिलीपने तोंडात रुमाल कोंबला होता. मामांचा चेहरा लालबुंद. ताई मात्र हसत नव्हती. ती मांडीवरच्या हातांकडे पाहत होती. ते मला पाहवेना. मी लोकांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत दाराकडे पळालो. पोस्टरवरच्या नायकाने पेटलेल्या मोटारीवरून मारली नसेल अशी एक उडी शेवटच्या खुर्चीवरून मारली.

घरी जायची हिंमत नव्हती. मी थेट एसटी स्टँडवर गेलो. पाहुणे कळवणची गाडी धरायला इथेच येणार. मामांचे पाय धरायचे आणि सांगायचं की मूर्ख मी आहे, ताई नाही, तिला सगळं कळतं. वाक्य तयार केलं. ते सोपं ठेवलं, त्यात काळ घातला नाही.

कळवणची एक गाडी गेली, पाहुणे आले नाहीत. आणखी एक गेली. इतके चिडले की मिळेल त्या जीपने गेले? मी शेंगदाणे घेतले आणि एकही न खाता पुडी चुरगाळत बसलो. ऊन कलायला लागलं.

"प्रकाश!"

समोर दिलीप उभे. बाबांची सायकल हातात, श्वास फुललेला. दिवसभरात त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला शब्द.

"अरे, किती शोधलं तुला! दोनदा नदीवर जाऊन आलो."

"मामा गेले का?" मी विचारलं. "ताईला काही बोलले का? चूक माझी आहे हो, तिची नाही!"

दिलीप सायकलला टेकून हसायला लागले. हसताहसता सांगू लागले. मी पळाल्यावर मामा बाहेर जाऊन मॅनेजरवर तुटून पडले. मॅनेजर वैतागून म्हणाले, "तुमचाच पोरगा लोकांना समजावून सांगत होता, तेव्हा नाही कळलं तुम्हाला?" त्यावर आमचे बाबा, जे साहेबापुढे कधी मान वर करत नाहीत, ते पुढे झाले. "माझ्या पोराला हसायचं काम नाही. डबे तुम्ही बदललेत!" मॅनेजरने विचारलं, "तुम्ही कोण मध्ये बोलणारे?"

"आणि मामा गरजले," दिलीप म्हणाले, "'कोण म्हंजे? हे आमचे व्याही हायेत! आन् तो पोरगा आमच्या सुनंचा भाऊ हाय! नीट बोलायचं!'"

"मग?"

"मग काय! सगळे गप्प. मामासुद्धा. आई म्हणाली, दादा, एवढ्या लोकांत बोललात, आता तोंड गोड करा. मॅनेजरनेच कँटीनमधून चिक्की आणली. तुझ्या ताईने मला दिली, मी तिला दिली."

ते लाजून घंटी वाजवायला लागले.

"इतका वेळ कुठे होते मग सगळे?"

"मॅनेजरने पुन्हा पहिल्यापासून दाखवला. मी तुला शोधत होतो, बाकी सगळ्यांनी बसून पाहिला. या खेपेला नावाडी मेला तो मेलाच. आईला बरं वाटलं."

मला रडू येत होतं की हसू, ते अजून सांगता येत नाही. मी त्यांच्या हातात शेंगदाण्यांची पुडी कोंबली आणि म्हणालो, "दाजी!"

"थांब, अजून आहे," ते एकदम गंभीर झाले. "मामांनी एक अट घातलीय."

अट म्हणजे काय असणार? घड्याळ? सायकल? बाबा कुठून आणणार? मी खांब धरला.

"लग्नात पाहुण्यांसाठी व्हिडिओ लावायचा आहे. कॅसेट मामा स्वतः निवडणार. मारामारीची."

"चालेल की! आणि मी काय करायचं? शेजारी बसून समजावून सांगू?"

"अट तीच आहे," दाजी म्हणाले. "तू त्या वेळी मांडवाबाहेर पाणी वाढायचं."